नव्वद जहाजं कुठं गेली?

१

गेणबानं केळीचा अख्खा घड आणून मालकांच्या टेबलावर आदळला, तेव्हा मी शेजारच्या खोलीत प्रूफं वाचत होतो. खोटं कशाला बोलू, त्याचा चढलेला आवाज ऐकून मला आधी बरंच वाटलं.

गुरुवार होता, सकाळचे साडेदहा. बारामतीतल्या आमच्या ‘दैनिक नवी मोट’चं ऑफिस म्हणजे एका ट्रॅक्टरच्या शोरूमवरच्या तीन खोल्या. एकानं आवाज चढवला की सगळ्यांची कामं थांबतात. मी उठून दारात जाऊन उभा राहिलो.

“बघा की मालक, करंगळीएवढी हायती! अजून तीन आठवडं झाडावर ऱ्हायला पायजे हुती. आन् मी दोन एकर उतरवून बसलो, तुमच्या पेपरावर इस्वास ठिवून!”

गेणबा इंदापूरच्या बाजूचा, केळीचा जुना बागायतदार. त्याचा माल बोटीनं आखातात जातो. त्यानं कोपरीच्या खिशातनं मंगळवारचा अंक काढला आणि पाचव्या पानावर बोट ठेवलं. आखाताच्या तोंडाशी तणाव वाढला, तेव्हापासून तिथून दर आठवड्याला किती जहाजं सुटतात, ते आम्ही चार उभ्या पट्ट्यांत दाखवलं होतं. पहिली पट्टी ताडमाड. दुसरी तिच्याहून बुटकी. तिसरी गुडघ्याएवढी, आणि चौथी म्हणजे नुसती दोरी.

“जहाजं बंद पडली म्हनून तुमीच दावलंय. मग माल झाडावर ठिवून काय पूजा करू? दिला वेफरवाल्याला, मातीमोल.”

मालक म्हणजे विजयसिंह, संपादकही तेच. त्यांनी चष्मा लावला आणि वाकले. “अहो गेणबा, आकडे वाचा की. अठ्ठ्याण्णव, शहाण्णव, त्र्याण्णव, एक्याण्णव. सात जहाजं कमी झालीत फक्त. समुद्र चालू आहे!”

“आकडंच वाचायचं असतं तर चित्र कशापायी काढता?” गेणबा म्हणाला.

त्याच पानाच्या डोक्यावर दर मंगळवारी आमचं ब्रीद छापलेलं असतं: वाचता येत नसलं तरी दिसतं.

मालकांनी अंक घडी करून टेबलावर ठेवला. “नसरीनला बोलवा,” ते म्हणाले.

२

नसरीन बागवान, वय सव्वीस. इंदापूरहून रोज एस.टी.नं येते. तीन वर्षांपूर्वी ती आली आणि जगाची बातमी चित्रात काढायला लागली. परदेशातल्या भूकंपाची भेग केवढी, तर ती बारामतीपासून सुरू झाली असती तर कुठवर गेली असती, ते नकाशावर दाखवलं. ब्राझीलमधल्या धरणातलं पाणी आटलं, तर किती उजनी धरणं आटली ते दाखवलं. लोक वेडे झाले. सोमेश्वरनगरच्या चहाच्या टपरीवर मंगळवारी अंक उरायचा नाही.

आणि मी? मी झुंबर खैरे. तिच्याआधी एकोणीस वर्षं ‘जगाची खबर’ हे सदर मी लिहायचो, शब्दांत, व्याकरणासकट. आता मी प्रूफं वाचतो. मागं वडगाव निंबाळकरला एका लग्नात यजमानांनी माझी ओळख करून दिली, “हे नसरीनच्या पेपरात असतात.” नसरीनच्या पेपरात! ती पाटीवर रेघोट्या ओढत होती तेव्हापासून मी त्या पेपरात आहे. बरं, घरी तरी मान असावा. माझी बायको शकुबाई, तिला अक्षरओळख नाही. माझं एकही सदर तिनं वाचलं नाही, ते मी समजू शकतो. पण नसरीनची चित्रं ती कापून घेते आणि पिठाची खळ करून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवते. माणसानं जळू नये तर काय करावं?

दोन दिवस रजेवर असलेल्या नसरीननं अंक पहिल्यांदाच हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

“हे माझं नाही,” ती म्हणाली. “म्हणजे चित्र माझं आहे, पण असं नव्हतं. माझ्या पट्ट्या जमिनीपासून उठतात, शून्यापासून. खाली मी कायम जाड तपकिरी रेघ मारते, तिला मी जमीन म्हणते. ती कुठंय?”

खरंच नव्हती. पट्ट्यांच्या पायथ्याशी डाव्या बाजूला बारीक अक्षरात फक्त ‘९०’ लिहिलं होतं.

“ह्याचा अर्थ काय?” मालकांनी विचारलं.

“कुणीतरी खालची नव्वद जहाजं कापून टाकली, दादा. नुसती वरची टोकं ठेवली. आठ, सहा, तीन, एक. म्हणून चौथी पट्टी दोरीएवढी दिसते. सोमवारी दुपारी मी फाइल ठेवली आणि चारच्या गाडीनं गेले. त्यानंतर कुणीतरी तीच फाइल बदलली. माझी जुनी राहिलीच नाही.”

“म्हणजे पुरावा नाही.” मालक खुर्चीत मागं रेलले. “इंदापुरात लोक काय बोलतायत माहीत आहे? तुझे वडील केळीचे व्यापारी. पोरीनं चित्रानं भाव पाडला आणि बापानं माल उचलला.”

नसरीनचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. “मला काय बोलायचं ते बोला. अब्बांचं नाव घेऊ नका.”

“आज सहाला पान सुटेल. पहिल्या पानावर माफी जाणार. तोवर दुसऱ्या कुणाचा हात निघाला तर ठीक. नाही निघाला तर माफीत तुझं नाव, आणि उद्यापासून तू यायचं नाही.”

“सहाला अजून सात तास आहेत की!” दारातून कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही सगळे वळलो.

३

दारात विजयमालाताई रणवरे उभ्या होत्या, काखेत कापडी पिशवी. बाई मोजणी खात्यातून रिटायर झालेल्या. सोमेश्वरनगरपासून नरसिंहपूरच्या संगमापर्यंत तीस वर्षं जमिनी मोजल्या. बांध बघून सांगतात, कुणी सरकवला आणि कुठल्या साली. दर गुरुवारी आमच्याकडं ‘बांधाचा वाद’ हे सदर द्यायला येतात.

त्यांनी चित्र बघितलं, गेणबाकडं बघितलं, घडाकडं बघितलं. “हा बांधच सरकवलाय,” त्या म्हणाल्या. “विजयसिंह, मला सहापर्यंत वेळ द्या. झुंबरराव, तुम्ही माझ्याबरोबर चला. तुमची नजर बारीक आहे.”

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण कौतुक ऐकून मिटलं.

आधी माधवी. ती पानं लावते. नसरीन नवी होती तेव्हा तिला हिनंच शिकवलं.

“माउस धरायला मी शिकवलं तिला,” माधवी म्हणाली. “आणि पुण्याला बक्षीस घ्यायला गेली ती एकटी. फोटोत माझा कोपरासुद्धा नाही. जळते मी तिच्यावर, काय लपवायचंय? पण तिच्या चित्राच्या चौकटीला मी हात लावत नाही, तिला खपत नाही. आणि तो नव्वद बघा ताई, रेषेत तरी आहे का? मी असा वाकडा ठेवला असता?”

“चौकट बसवल्यावर पान कुठं गेलं?”

“कागदावर छापून प्रूफला दिलं. साडेपाच वाजले असतील.”

विजयमालाताईंनी माझ्याकडं बघितलं.

“आकडे तपासले मी,” मी म्हणालो. “सगळे बरोबर होते.” आणि ते खरंच होतं.

“तो प्रूफचा कागद आहे का?”

“रद्दीत गेला असेल.” हेसुद्धा खरं होतं.

मग अमन. परदेशाच्या बातम्या तो मराठीत आणतो, आकडे तोच शोधतो. नुसतं विचारायचा अवकाश, फुटलाच. “तीन-तीन तास मी खपायचं आणि खाली छापायचं काय? ‘चित्र: नसरीन.’ माझं नाव मुंगीएवढं! एकदा तर ‘अमत’ छापलं होतं.” तो माझ्याकडं बघून बोलला. प्रूफ मीच वाचलं होतं ते.

“सोमवारी चार ते सहा कुठं होतास?”

“वडगाव निंबाळकरला. दूध संस्थेचा कार्यक्रम होता, साडेसहापर्यंत भाषणं चालली.”

बाईंनी तोच मंगळवारचा अंक उलटला. तिसऱ्या पानावर दूध संस्थेचा फोटो होता, आणि दुसऱ्या रांगेत आमचा अमन तोंड वासून जांभई देत होता. पाहुण्यांच्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. पाच वाजून दहा मिनिटं.

शेवटी संभाजीराव घुले, पानप्रमुख. पांढराशुभ्र शर्ट, अठ्ठावन्न वय. नसरीन यायच्या आधी वीस वर्षं पेपरातले नकाशे हेच काढायचे, हातानं, काळ्या शाईनं. त्याच्याही आधी एका साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते, उसाच्या गाड्या मोजायला. आता त्यांची बोरूची पेटी कपाटावर धूळ खात पडलीय.

“सोमवारी मी इथंच होतो. मी रोजच असतो,” ते म्हणाले. “पण मला एक सांगा, ह्यात चूक कुठंय? आकडे बरोबर आहेत. खाली नव्वद लिहिलंय. ज्याला बघायचंय त्यानं नीट बघावं. आमच्या वेळी लोक नकाशा टेबलावर पसरून अर्धा तास वाचायचे.”

बाई काहीतरी विचारणार होत्या, तेवढ्यात जिन्यात तराजू खणखणला.

४

दर गुरुवारी रद्दीवाला येतो. त्यानं कोपऱ्यातलं भरलेलं पोतं तराजूच्या आकड्याला अडकवलं आणि काटा वाचायला मान वाकडी केली.

“थांब!” संभाजीराव उठलेच. “पोतं मोकळं कर आधी.”

“साहेब, किलोभराचं पोतं...”

“किलो असू दे नाहीतर छटाक. मोकळं वजन वजा केल्याशिवाय माल कळत नाही. ओत खाली.”

आम्ही हसलो. संभाजीरावांचं हे जुनंच आहे. पेढ्याच्या दुकानात खोकं वेगळं जोखायला लावतात, आंब्याच्या पेटीतलं गवत काढायला लावतात. लग्नाच्या आहेरातला नारळसुद्धा शेंडी वगळून मोजतील, असं माधवी म्हणते.

रद्दीवाल्यानं कुरकुरत पोतं उलटं केलं. खोलीभर कागद पसरले. विजयमालाताई एकट्या हसल्या नाहीत. त्या आधी संभाजीरावांकडं बघत होत्या, मग रिकाम्या पोत्याकडं. मग त्या खाली वाकल्या, ढिगातून एक लांबरुंद कागद ओढला, त्यावर नजर टाकली आणि चार घड्या करून पिशवीत घातला.

कागदाच्या कडेला लाल खूण होती. मी पटकन तिकडून नजर काढून घेतली. का ते मी सांगणार आहे, पण माझ्या वेळेनं.

“काय सापडलं, ताई?” मालकांनी विचारलं.

“दुसरा बांध,” त्या म्हणाल्या. “पण आधी पहिला बघू.”

५

गेणबा सकाळपासून जिन्यातल्या बाकड्यावर बसून होता. घरी जायला त्याला तोंड नव्हतं, बायको भांडून माहेरी निघाली होती म्हणे. विजयमालाताईंनी त्याला चहा दिला आणि शेजारी बसल्या. आम्ही सगळे आपापल्या जागेवरून कान देऊन होतो.

“गेणबा, चित्र बघितलं आणि लगेच कोयता घेतला का? कुणाला विचारलं नाही?”

“इचारलं की. हैदरभाईला फोन केलता.”

नसरीननं मान वर केली. हैदर बागवान म्हणजे तिचे वडील.

“काय म्हणाले?”

“म्हनला, गेणबा थांब, कापू नगंस. पोरगी म्हनती, जहाजं चालू हायती.” गेणबानं बशी खाली ठेवली. “पर मी म्हनलं, ह्यो पडला येपारी. येपारी थांब म्हनला म्हंजी त्यातच त्याचा कायतरी डाव आसनार. मानूस खोटं बोलंल, चित्र कशाला बोलंल?”

“मग कापलेला माल हैदरभाईंनी घेतला?”

“छ्या! हातसुदिक लावला न्हाय. म्हनला, गेणबा, कवळा माल इकून मला पाप न्हाय घ्यायचं.”

नसरीन ओढणी तोंडाला लावून रडायला लागली. माधवी उठून तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, जळणारी माधवी. मी माझ्या खुर्चीतून उठलो नाही.

मालकांना खाली बघावं लागलं. “ठीक आहे. बापावरचा डाग गेला,” ते म्हणाले. “पोरीचा हेतू वाईट नव्हता, हेही कळलं. पण चित्रावर नाव तिचं आहे. हात दुसऱ्याचा होता हे कुठं सिद्ध झालं?”

घड्याळात साडेचार झाले होते. विजयमालाताईंनी पदर खोचला.

“सगळ्यांना मधल्या खोलीत बोलवा. आणि तो घड तिथंच टेबलावर राहू दे.”

६

“मोजणीत एक गोष्ट मी शिकले,” बाईंनी सुरुवात केली. “ज्याला शेजाऱ्याला फसवायचं असतं, तो बांधाबरोबर खुणेचा दगडही सरकवतो. मागं खूण ठेवत नाही. इथं काय झालंय बघा. चित्र बदललं, पण बदलणाऱ्यानं खाली स्वच्छ नव्वद लिहिलं. मोजणी कुठून सुरू झाली, ते सांगून टाकलं. आणि नसरीनची तपकिरी जमीन पुसली. का? कारण पट्टी आता जमिनीपासून उठत नाही, आणि खोटी जमीन दाखवणं त्याला पटलं नाही. हा माणूस लबाड नाही. आपण बरोबरच करतोय, अशी त्याची खात्री होती.”



“माधवीनं तो नव्वद वाकडा ठेवला नसता. अमन जांभया देत होता. मग असा कोण आहे, ज्याला वाटतं की चारही पट्ट्यांच्या तळाचा जो सारखा भाग आहे, तो धरायचाच नसतो? तो वजा केल्याशिवाय माल कळत नाही?”

बाईंनी रिकामं पोतं उचललं आणि संभाजीरावांच्या पुढ्यात ठेवलं.

संभाजीराव पोत्याकडं वाकले. मग एकदम ताठ झाले. “मग चुकलं काय माझं? काट्यावर चार गाड्या आल्या. चारींचं मोकळं वजन नव्वद. मग आत ऊस किती? आठ, सहा, तीन, एक! आयुष्यभर असंच मोजलं मी, एका शेतकऱ्याचा एक किलो इकडचा तिकडं झाला नाही. तिचं चित्र बघितलं तर चारही पट्ट्या सारख्याच उंच. फरकच दिसेना! म्हटलं, पोरीला मोकळं वजन वजा करायचं कळत नाही. मी दुरुस्त केलं.”

“संभाजीराव,” विजयमालाताई हळूच म्हणाल्या, “गाडीला मोकळं वजन असतं. जहाजांच्या आकड्याला कसलं मोकळं वजन? ती नव्वदची नव्वद जहाजं माल घेऊनच चालली होती. तुम्ही गाडी नाही, ऊसच वजा केलात.”

संभाजीरावांची नजर घडाकडं गेली. त्यांनी एक केळं चाचपून बघितलं.

“आणि मंगळवारी, बुधवारी बोलला का नाहीत?” मालक ओरडले. “ही पोरगी सकाळपासून मरणाची रडतेय!”

“सांगणार होतो.” संभाजीराव म्हणाले. “कौतुक झालं असतं तर सांगणार होतो, की हे मी सुधारलं. वीस वर्षं नकाशे काढले मालक, माझं नाव एकदा छापलं नाही तुम्ही. हिचं दर मंगळवारी. म्हटलं, एकदा तरी हिच्या चित्रावर माझा हात फिरू दे. आणि सकाळी हा घड आला.”

मालकांनी सुस्कारा सोडला. “संपलं म्हणायचं. नसरीन, तू सुटलीस.”

“संपलं नाही,” विजयमालाताई म्हणाल्या, आणि पिशवीत हात घातला.

७

“शिवारात बांध सरकवणारा एक असतो,” त्या म्हणाल्या. “आणि तो सरकताना बघून गप्प बसणारा एक असतो. तीस वर्षांत मला जास्त राग त्या दुसऱ्याचा आला.”

त्यांनी कागद उलगडून घडाशेजारी पसरला. सोमवारच्या पाचव्या पानाचं प्रूफ. चार पट्ट्या, पायथ्याशी ‘९०’. आणि त्या नव्वदाशेजारी लाल पेन्सिलीचं ठसठशीत प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हावर दोन आडव्या रेघा. खाली, ‘ठीक. झुं.’

आता सांगतो. मला दिसलं होतं.

सोमवारी पावणेसहाला ते पान माझ्या हातात आलं, तेव्हा चौथी पट्टी बघताक्षणी मला कळलं की हे लोकांना फसवणार. बिनअक्षरी बाईच्या शेजारी एकोणतीस वर्षं जेवतोय मी. ती चित्र कसं बघते ते मला माहीत नाही तर कुणाला? पेन्सिल आपोआप चालली, प्रश्नचिन्ह उमटलं. नसरीनला एक फोन केला असता तर तिनं एस.टी.त बसल्या बसल्या सांगितलं असतं. आणि मग मनात आलं, होऊ दे. एकदा तरी हिचं चुकू दे. एकदा तरी लोकांनी म्हणू दे, ह्या चित्रांपेक्षा झुंबररावांचं लिहिणं बरं होतं. आणि मी माझ्याच प्रश्नावर काट मारली.

केळी माझ्या डोक्यात नव्हती. गेणबा तर नव्हताच. जळणाऱ्याला एवढं लांबचं दिसत नाही.

“तात्या?” नसरीन म्हणाली. ती मला तात्याच म्हणते. तीन वर्षं प्रत्येक चित्रातला प्रत्येक शब्द ती मला विचारून लिहीत आली. “तात्या, तुम्ही?”

दारात गेणबा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“तुमाला दिसलं हुतं?” त्यानं विचारलं.

“हो.”

“आन् बोलला न्हाय?”

“नाही.”

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि जिना उतरून गेला. घड तिथंच राहिला.

मालक मला काय काय बोलले ते सांगत बसत नाही, मी त्याला लायक होतो. शेवटी ते म्हणाले, “पाच वाजले. माफी कोण लिहितंय?”

“लिहायची नाही,” नसरीन डोळे पुसून म्हणाली. “चित्रानं चुकवलं ना? मग माफीही चित्रातच काढायची. मी काढते.”

८

साडेपाचला तिनं प्रूफ माझ्यासमोर ठेवलं. ऑफिसात प्रूफ वाचणारा मी एकटाच, ती तरी कुठं जाणार?

वर चार पट्ट्या होत्या, तपकिरी जमिनीतून उठलेल्या, जवळजवळ सारख्या उंच. खाली चार हात काढले होते, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात पान जाताना. पहिल्या हातात बांगडी, खाली नाव, नसरीन बागवान. तिच्याकडून काही चुकलं नसताना तिनं स्वतःला वगळलं नव्हतं. दुसऱ्या हातात उसाच्या काट्याचं लहानसं चित्र, खाली संभाजीराव घुले. तिसऱ्या हातात लाल पेन्सिल. त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘प्रूफ विभाग’. चौथा हात गेणबाचा होता, त्यात कोयता.

“प्रूफ विभाग?” मी विचारलं.

“तुमचं तुम्ही बघा, तात्या,” ती म्हणाली. “चुका काढायचं काम तुमचं आहे.”

एवढं बोलून ती उभी राहिली. मी खिशातली लाल पेन्सिल काढली. ‘प्रूफ विभाग’वर काट मारली आणि कडेला लिहिलं, झुंबर खैरे. अक्षर घाणेरडं आलं. तिनं ते नीट वाचून घेतलं आणि कागद उचलून माधवीकडं दिला. सहाला पान सुटलं.

गेणबाचा घड आठवडाभर मालकांच्या टेबलावर होता. पिकला नाही, नुसता काळा पडला. संभाजीरावांनीच शेवटी तो खाली नेला. मालकांनी मला काढलं नाही. नसरीननं काय सांगितलं त्यांना, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी शकुबाईनं नेहमीसारखी कात्री घेतली आणि पहिल्या पानावरचं चित्र कापायला बसली. खळ स्टोववर शिजत होती.

“ह्यी चार हात कुनाचं वो?” तिनं विचारलं.

“पान ज्यांच्या हातातून गेलं, त्यांचे.”

“ह्यो बांगडीचा पोरीचा. हितं काटा हाय, म्हंजी ह्ये संभाजीराव.” तिचं बोट पुढं सरकलं आणि तिसऱ्या हातावर थांबलं. तिनं चित्राकडं बघितलं. मग माझ्या शर्टाच्या खिशाकडं बघितलं.

“लाल पेन्शील तर तुमची,” ती म्हणाली.

खाली माझं नाव होतं, ठळक अक्षरात. तिला ते वाचता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं असतं तरी तिनं ऐकून घेतलं असतं.

“व्हय,” मी म्हणालो. “त्यो हात माझाच.”

मग तिनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं, केळीपासून लग्नातल्या त्या यजमानापर्यंत. खळ गार झाली होती, तिनं ती पुन्हा तापवली, भिंतीवरची दोन जुनी चित्रं सोलून जागा केली आणि हे चित्र तिथं चारी कोपऱ्यांनी चिकटवलं. मी जेवायला बसतो, तिथून ते बरोबर समोर येतं.